गोळी उपासाला चालते

आमच्या घरी उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही याचं एक मोठं शास्त्र होतं, आणि त्या शास्त्राचं वरचं कोर्ट म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या नेनेकाकू. जिरं चालतं का, भेंडी चालते का, कोथिंबीर वरून भुरभुरवली तर चालते आणि वाटणात घातली तर का चालत नाही, असले सगळे खटले अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमधून त्यांच्या दारात जायचे आणि निकाल लागूनच परत यायचे. त्यांनीच केव्हातरी आईला सांगितलं, की डोकेदुखीची गोळी उपासाला चालते. ती धान्य नाही, डाळ नाही, तिला ना चव ना ढव, खडूच तो एक प्रकारचा! कॅप्सूल मात्र चालत नाही, कारण तिचं टरफल कशाचं असतं ते देव जाणे. गोड लेपाची गुलाबी गोळी चतुर्थीला चालते, एकादशीला नाही. का नाही, हे विचारायची सोय नव्हती. मी हे सांगायला लागले की माझी नात हसून लोळते. लोळू दे. तिला काय ठाऊक, या शास्त्रानं आमच्या घराला कुठवर नेऊन ठेवलं होतं.

आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठजींचं साड्यांचं दुकान होतं, तिथून साड्यांचा गठ्ठा आणायचा, घरी बसून फॉल लावायचे आणि गठ्ठा परत पोचवायचा. दुपारभर घरात मशीनची खडखड, आणि खडखड थांबली की समजायचं, आता ती हातानं टाके घालते आहे. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर कुणा परक्या बाईची मोरपंखी साडी. संध्याकाळी उठायची ती मानेला हात लावूनच. गुडघे तर आधीपासूनच बोलत होते. शेठजींच्या घरच्या भाभी मोठ्या प्रेमळ. आई 'उई' म्हणाली रे म्हणाली, की त्या गल्ल्याशेजारच्या खणातून कागदाची पुडी काढायच्या. "ये ले माई, घुटने की है, मैं भी यही लेती हूँ." नारिंगी गोळ्या, सुट्या, ना नाव ना गाव. आणि मानेसाठी, डोक्यासाठी पांढऱ्या गोळ्यांची पट्टी आई कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायची. तो दुकानदार बिचारा दर वेळी सांगायचा, "कुछ खाके लेना, माई." आई घरी येऊन आम्हाला सांगायची, "त्याला काय कळतंय? औषध नेहमी अनशापोटी घ्यावं, म्हणजे लागू पडतं." काढा अनशापोटी, आवळ्याचा रस अनशापोटी, मग गोळीच काय ती वेगळी! तिच्या हिशेबी मेडिकलवाल्याला पुड्या बांधता येत होत्या आणि वैद्यकी तिच्या आजोळी चालत आलेली होती.

आणि बाबा? बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. कारखान्यात पिंपावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कुणाला झाकण उघडू द्यायचे नाहीत. घरात मात्र पेपर वाचत बसायचे. आई त्यांच्या डोळ्यांसमोर दोन रंगांच्या दोन गोळ्या एकदम तोंडात टाकायची, एक मानेची आणि एक गुडघ्याची, जशी काही प्रत्येक गोळी पोटात गेल्यावर पत्ता विचारत आपापल्या जागी जाणार होती. बाबा पान उलटायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला." तर म्हणाले, "तुझ्या आईच्या खात्यात मी हात घालत नाही." धन्य ते खातं आणि धन्य ते खातेदार!

हे असं रडतखडत चाललं होतं, तोच बाबांचं ते दुखणं आलं. कारखान्यातच छातीत कळ आली, घामाघूम होऊन खाली बसले, सहकाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. वाचले. पण घरी आले ते निम्मे होऊन आले. जिना चढताना मध्ये थांबायचे आणि भिंतीवरच्या मीटरच्या पेटीकडे बघत असल्यासारखं करायचे. आई वरून कठड्याला धरून उभी असायची. त्या दिवसांत तिनं देवाशी काय बोलणी केली ते आम्हाला सांगितलं नाही, पण उपास वाढले तेव्हा कळलं. सोमवार, चतुर्थी आणि एकादशी होत्याच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला. शिवाय उपासाच्या दिवशी चहा बंद. माझी आई, जिला सकाळी दोन कप पोटात गेल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, तिनं चहा सोडला! मग दुपारी डोकं ठणकणार नाही तर काय होणार? डोकं ठणकलं की गोळी. पोटात अन्न नाही, कारण उपास. गोळी चालते, कारण नेनेकाकू. संध्याकाळी देवाला दिवा लावून भगर आणि दाण्याची आमटी खाईपर्यंत कधी दोन, कधी तीन गोळ्या झालेल्या असायच्या.

मी तेव्हा उल्हासनगरला कॉलेजात जात होते आणि जिभेला धार होती. मी भांडायची. "अगं, उपासानं डोकं दुखतं, तर उपास तरी कमी कर, नाहीतर चहा तरी घे!" आई म्हणायची, "शैले, तुझं लग्न झालं की कळेल." या वाक्यापुढे कुणाचं काय चालणार? माझं लग्न झालं, मुलं झाली, नवरा रिटायर झाला, आता बदलापूरला घर आहे, आणि मला अजूनही कळलेलं नाही. तिला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हळूहळू ती पिवळट दिसायला लागली. मशीनवर बसल्या बसल्या दम लागायचा. पोटात जळजळायचं, मग त्यावर थंड दूध, आणि दूध उपासाला चालतं म्हणून ती खूश. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, हेही तिनं आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं कुणाला, तर नेनेकाकूंना. काकू म्हणाल्या, "उपासाचं पित्त उतरतंय. चांगलंच आहे." काय म्हणावं!

मग हरतालिका आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हा उपास बायका नवऱ्यासाठी करतात, आणि आमच्याकडे तो निर्जळी. पाणीसुद्धा नाही. आदल्या वर्षापर्यंत आई दूध-फळं घेऊन करायची. त्या वर्षी मात्र नवऱ्याला मरणाच्या दारातून परत आणलेलं, त्यामुळे कडकडीत निर्जळी. सकाळी नेनेकाकूंकडे वाळूची पिंड करून बायकांनी पूजा केली, पत्री वाहिली, कहाणी वाचली. आई घरी आली ती एक डोळा मिटूनच. मी स्वयंपाकघरात शिरले तर ती ओट्याला पाठ लावून, मान मागे टाकून उभी. दोन गोळ्या जिभेवर ठेवून नुसत्या थुंकीनं गिळत होती. घशात अडकल्या तशी छातीवर मूठ आपटली, डोळ्यांतून पाणी आलं. बाजूला माठ भरलेला. मी भांडं बुडवून पुढं केलं तर ती माझ्यावरच खेकसली, "पाणी चालत नाही आज!"

"आणि गोळी चालते?"

"हळू बोल. खाली ऐकू जाईल."

म्हणजे कळलं ना? निर्जळीला गोळी चालते का, हे तिनं काकूंना विचारलंच नव्हतं. विचारलं तर निकाल काय लागेल ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गणपती. बाबा मूर्ती घेऊन आले, पाटावर बसवली, सोवळं नेसून पूजेला बसले. घरभर नारळाच्या सारणाचा आणि वेलदोड्याचा वास. आई मोदकाच्या कळ्या काढत होती आणि मी वाफेवरची चाळण उतरवत होते. ती म्हणाली, "शैले, जरा धर गं हे," आणि हातातली पारी माझ्याकडे देता देता तशीच खाली बसली. मोरीपर्यंत कशीबशी गेली. उलटी झाली ती काळपट, चहाच्या चोथ्यासारखी. बरेच दिवस उपासाला चहा न घेतलेल्या बाईच्या पोटातून ते निघालेलं बघून मला आधी काही कळेचना. मग मी जी किंचाळले, की बाबा हातातलं फूल टाकून पळत आले. नेनेकाका-काकू वर आले. गणपती घरात असताना दाराला कुलूप लावायचं नसतं, म्हणून काका अर्धवट पूजेपाशी बसले आणि रिक्षातून आम्ही उल्हासनगरचं हॉस्पिटल गाठलं. काकू सोबत. आई माझ्या खांद्यावर डोकं टाकून पुटपुटत होती, "मोदक एकवीस तरी व्हायला हवे होते." अगं बाई, मोदकांचं काय घेऊन बसलीस!

हॉस्पिटलात डॉक्टर एक तरुण सिंधी बाई होत्या, केस घट्ट बांधलेले, सणाच्या दिवशी ड्युटी लागल्यामुळे असावं, पण आधीच वैतागलेल्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली, पोट दाबलं. आई कळवळली.

"मावशी, कौनसी दवा चालू आहे?"

"कसलंच औषध नाही हो. मला काही आजारच नाही," आई म्हणाली.

"काल काय खाल्लं?"

"काल हरतालिका होती. पाण्याचा थेंब घेतलेला नाही."

"मी साक्षीला आहे," नेनेकाकू म्हणाल्या. कुणी विचारलं होतं?

डॉक्टर नर्सकडे वळल्या आणि कळ थांबवायचं एक इंजेक्शन भरायला सांगितलं. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मान अगदी बारीक, कुणाला दिसणार नाही इतकीच हलवत होती. नको. सांगू नकोस. दाराशी बाबा जिना चढून आल्यामुळे धापा टाकत भिंतीला धरून उभे होते, आणि तिचे डोळे माझ्यावरून त्यांच्यावर जायचे आणि परत माझ्यावर यायचे. तिला मरणाची भीती वाटत नव्हती, त्या एका गोष्टीची वाटत होती. गोळीची वाच्यता झाली तर उपास मोडला, आणि उपास मोडला तर हा समोर धापा टाकणारा माणूस जाणार. तिच्या जगात ते इतकं सरळ होतं.

"थांबा," मी म्हटलं. "ती गोळ्या घेते. दुखण्याच्या. उपासाच्या दिवशी जास्त. काल दोन घेतल्या, पाण्याशिवाय."

"शैले!"

"दोन वेगवेगळ्या घेते. पांढऱ्या आणि नारिंगी. कमरेच्या बटव्यात आहेत."

बाबांनीच तो बटवा सोडला. सुपारी, देवाचा अंगारा आणि गोळ्या. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्यांची पट्टी वाचली, नारिंगी गोळ्या तळहातावर फिरवल्या, त्या कशासाठी आणि कुणी दिल्या ते विचारलं आणि नर्सला हातानंच थांबवलं. भरलेलं इंजेक्शन बाजूला गेलं. "हे इंजेक्शनपण त्याच जातीचं आहे," त्या म्हणाल्या. "मावशी, तुम्ही म्हणता औषध नाही? हे काय आहे? ह्या गोळ्या दर्द थांबवतात आणि पोटाचं अस्तर खातात. रिकाम्या पोटी तर बघायलाच नको. वर दोन-दोन जातभाई एकदम, महिनोन्महिने! आत जखम झाली असेल, तिथून रक्त जातंय. शौचाला काळं होत होतं?"

आईनं काकूंकडे बघितलं.

"ते पित्त उतरत होतं," नेनेकाकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी काकूंकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मग रक्ताच्या बाटल्या, सलाईन, तोंडातून नळी घालून तपासणी. जखम निघालीच. "अजून एक-दोनदा असं केलं असतं, तर घेऊन यायची गरज पडली नसती," असं डॉक्टर बाबांना व्हरांड्यात म्हणाल्या. बाबा बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "कारखान्यात माझ्या हाताखालचा माणूस चिठ्ठी नसलेल्या पिंपाला शिवला तर मी त्याला घरी पाठवतो." एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

वॉर्डात आई माझ्याशी बोलत नव्हती. नर्सशी बोलायची, शेजारच्या खाटेवरच्या वांगणीच्या बाईशी बोलायची, मी गेले की भिंतीकडे तोंड. शेवटी एकदा म्हणाली, "सगळ्यांदेखत माझा उपास मोडलास. त्यांना काही झालं तर?" मी पेटलेच. "अगं, तुला झालं ना काहीतरी! तू पडली आहेस इथं!" ती म्हणाली, "माझं काय एवढं!" माझं काय एवढं! या तीन शब्दांचा मला आजही संताप येतो. आमच्या आयांच्या पिढीनं हे तीन शब्द जपासारखे म्हटले आणि घरच्यांनी ते खरे मानले. नेनेकाकू भेटायला आल्या तेव्हा आईनं हळूच विचारलं, "निर्जळीला गोळीनं मोडतो का हो?" आणि आयुष्यात पहिल्यांदा काकूंना निकाल देता आला नाही. "बघून सांगते," म्हणाल्या आणि पदराशी खेळत बसल्या. त्यातून डॉक्टरांनी पहिले काही दिवस तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलेलं. ते ऐकून आईचा चेहरा केवढा उजळला! "बघ, तुझ्या डॉक्टरनीच उपास धरायला लावला. भरपाई झाली." आता अशा बाईला काय करावं, तुम्हीच सांगा.

घरी सोडताना डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. या जातीच्या गोळ्या आता तिला वर्ज्य. एरवीही कुणी दुसऱ्यानं दिलेली सुटी गोळी घ्यायची नाही, नाव ठाऊक नसलेली तर नाहीच. दोन दुखण्यांसाठी दोन गोळ्या एकदम घेताना आधी विचारायचं, कारण रंग वेगळा असला तरी आत एकच असू शकतं. दुखणं दिवसेंदिवस राहिलं तर गोळी न वाढवता दाखवायला यायचं. काळं झालं तर त्याच पावली यायचं. आणि डॉक्टरनं विचारलं की मेडिकलमधून आणलेलीसुद्धा गोळी सांगायची. "मावशी, तुमचं डोकं गोळी नाही म्हणून दुखत नाही, चहा नाही म्हणून दुखतं," त्या म्हणाल्या. आईनं सगळ्याला मान डोलावली. घरी आल्यावर गोळ्या सोडल्या, खरंच सोडल्या. आणि उपास? उपास सगळे चालू! फरक एवढाच, की गोळीऐवजी कपाळाला सुंठेचा लेप आणि डोक्याला फडकं, आणि एका डोळ्यानं फॉल लावणं. परवा आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'श्रावणात गुडघेदुखीवर कोणती गोळी चालेल?' आणि भराभर उत्तरं आली, प्रत्येकीची गोळी वेगळी, शेवटी हात जोडलेले. मी फोन आपटणारच होते.

तर आईच्या त्या आजारपणानंतरच्या वर्षी हरतालिका आली तेव्हा ती पुन्हा निर्जळी धरून बसली. सकाळी पूजेहून आली ती डोळा मिटूनच. मी कॉलेजला न जाता मुद्दाम घरी थांबले होते, भांडायची सगळी तयारी करून. पण मला तोंड उघडावं लागलं नाही. बाबा उठले. ज्या माणसानं कधी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता, तो स्वयंपाकघरात गेला, आणि बरीच भांडी वाजल्यावर एका कपात चहा घेऊन आला. दूध जास्त, साय तरंगती, बशीत निम्मा सांडलेला. शेजारी एक केळं. ते त्यांनी मशीनवर, साडीच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलं.

"हे काय हो?" आई म्हणाली.

"चहा."

"आज हरतालिका आहे."

"ठाऊक आहे. कुणासाठी करतेस?"

आई मांडीवरची साडी उगाच सारखी करायला लागली.

"माझ्यासाठी ना? मग मला विचार. मी सांगतो, पी."

"आणि तुम्हाला काही झालं तर?" तिचा आवाज इतका लहान झाला होता, की मी दारातच उभी राहिले.

"इथंच आहे मी दिवसभर. लक्ष ठेव."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, खाली नेनेकाकूंच्या दिशेनं जमिनीकडे बघितलं, देव्हाऱ्याकडे बघितलं. मग कप उचलला. एक घोट घेतला आणि कप हातात तसाच धरून ती बाबांकडे बघत राहिली, डोळ्याचं पातं न लववता. बाबा समोर खुर्चीवर बसून होते. मग तिनं दुसरा घोट घेतला. माझ्या आईनं तिच्या आयुष्यात यापेक्षा मोठं धाडस केल्याचं मला आठवत नाही. चहा संपला, केळं संपलं, डोकं उतरलं.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. श्रेय कुणाचं, यावर आईचं आणि माझं अजून पटत नाही. पण त्या दिवशी मात्र तिनं त्यांची पाठ सोडली नाही. ते पेपर वाचायला बसले की ही निवडायचं ताट घेऊन शेजारी. ते गॅलरीत गेले की ही दारात. दुपारी ते आडवे झाले तेव्हा छाती वरखाली होते आहे ना, ते ही बघत बसली. न्हाणीघरात गेले तर बाहेर उभी राहून हाक मारायची, "अहो!"

"आहे," आतून बाबा म्हणायचे.

पाण्याचा आवाज थांबला की पुन्हा, "अहो?"

"आहे गं, आहे."